पाणी उतरलेले आहे तोवर धक्क्याला हात लावू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याकाठी असलेल्या आमच्या गावचा होड्यांचा सार्वजनिक धक्का गेल्या काही वर्षांत मोडकळीस आला असून तो लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून दुरुस्त करण्याचा ठराव ग्रामसभेने केला आहे. माणसांची वानवा नाही आणि लागणारा पैसाही गावाच्या आवाक्याबाहेरचा नाही. काम अडले आहे ते एका लेखी परवानगीवाचून, आणि त्याहूनही अधिक, अशा लहान कामांकडे पाहण्याच्या रीतीमुळे. जलाशयाकाठच्या इतर गावांचे दुखणेही थोड्याफार फरकाने हेच असल्यामुळे हे पत्र आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात शक्य तितके सविस्तर छापावे, ही विनंती. बांधकामांवर देखरेख करण्यात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे पत्रात खडी-सिमेंट जरा जास्त येईल, ते वाचकांनी सोसावे.

पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, हे मराठवाड्यातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. या दोन सालांच्या मधल्या काळात गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची, शंभरावर गावे उठली, हे मात्र उठलेल्यांनाच आठवते. आमचे गाव चढावर सरकले, पण पुष्कळांची उरलीसुरली जमीन पाण्यापलीकडे राहिली. रस्त्याने तिकडे जायचे तर सगळा फुगवटा वळसा घालून जावे लागते, होडीने मात्र थेट समोर उतरता येते. जुना गाडीरस्ता जिथे पाण्यात शिरतो, नेमका तिथेच पुढे कधीतरी दगडी पायऱ्या, काँक्रीटचा ओटा आणि होड्या बांधायला लोखंडी कड्या असा हा धक्का बांधला गेला. पहाटे जाळी काढून आलेले भोई-कोळी इथे मासळीचे क्रेट उतरवतात. पाणी ओसरले की पलीकडे गाळपेर करणारे शेतकरी बियाणे आणि खताच्या गोण्या घेऊन इथूनच चप्पूत बसतात, आणि हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, पट्टकादंब हे पक्षी पाहायला शहरातून दुर्बिणी घेऊन येणारी मंडळीही इथेच होडीची वाट पाहत उभी असतात. थोडक्यात, हा धक्का शोभेचा घाट नाही. बसथांबा जितका सार्वजनिक, तितकाच तोही सार्वजनिक आहे.

आज त्याची अवस्था काय आहे ते जरा जवळून सांगतो. वरच्या काही पायऱ्या शाबूत आहेत. त्याखालच्या पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत आणि त्यावर शेवाळ चढल्याने अनवाणी माणूस सावरू शकतो, चपलेतला घसरतोच. ओट्याचा पाण्याकडचा कोपरा खचून एका अंगाला कलला आहे. त्याच्या खालच्या बाजूने सिमेंटचा थर पोपडा धरून सुटला असून आतल्या सळया उघड्या पडल्या आहेत. त्या इतक्या गंजल्या आहेत की नखाने खरवडले तरी तांबूस पापुद्रे निघतात. चार कड्यांपैकी एक मुळासकट उपटून गेली, दुसरी घासून घासून तारेएवढी बारीक झाली आहे, आणि उरलेल्या दोन कड्यांना सगळ्या गावच्या होड्या एकीला एक अशा बांधल्या जातात, म्हणून आतल्या होडीला बाहेर पडायचे असेल तर आधी बाहेरच्या तिघांची समजूत काढावी लागते. भोवताली वेडी बाभूळ आणि बेशरम इतकी माजली आहे की वाट एका माणसापुरती उरली आहे. गरोदर बाई असो, आजारी म्हातारा असो, दोघांनी दोन्हीकडून धरून उतरवल्याखेरीज इलाज नाही.

धक्का का खचला, हे पाहिल्याशिवाय तो दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नाथसागराची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे आणि मृतसाठ्याची (जिच्याखालचे पाणी कालव्यांत सोडता येत नाही ती) पातळी तिच्याहून पंचवीस फुटांपेक्षा जास्त खाली आहे. आपला प्रदेश इतका सपाट, की पातळी एक फूट उतरली की पाण्याची कड कितीतरी पावले मागे जाते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय मृतसाठ्यावर आला तेव्हा या धक्क्यासमोर पाणी नव्हतेच. होती ती भेगाळलेली जमीन आणि तिच्यापलीकडे दूरवर पाण्याची एक रेघ. नदीकाठच्या घाटाला पूर सोसायचा असतो. जलाशयाच्या धक्क्याला पूर आणि दुष्काळ दोन्ही सोसावे लागतात, शिवाय या दोन टोकांमधली रोजची चढउतार सोसावी लागते ती वेगळीच.

या चढउताराने दोन गोष्टी होतात. पहिली अशी, की आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेलेला नसेल तर दरवर्षीच्या फुगण्या-आकसण्यात तो हळूहळू हलतो. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कालव्यांची आवर्तने सुटून पाणी उतरू लागले की जलाशयातले पाणी पुढे जाते, पण धक्क्याच्या भिंतीमागच्या भरावात मुरलेले पाणी मागे राहते. त्याला बाहेर पडायला वाट हवी म्हणून अशा भिंतीत पाणी झिरपून जाण्यासाठी भोके ठेवतात आणि त्यामागे खडी-वाळूचा थर देतात, जेणेकरून पाणी जाईल आणि माती राहील. आमच्या धक्क्याला अशी भोके होती. मध्यंतरी कोणत्या तरी डागडुजीत भिंत छान दिसावी म्हणून ती सिमेंटने लिंपून टाकण्यात आली. कोंडलेल्या पाण्याने मग स्वतःची वाट स्वतः शोधली, ती ओट्याच्या कोपऱ्याखालून, आणि जाताना सोबत माती नेली. धक्का जुना झाला म्हणून खचला असे सरसकट म्हटले जाते, पण त्याचा कोपरा एका चुकीच्या डागडुजीने खचला, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच ‘पाडा आणि नवा बांधा’ या मागणीच्या मी विरोधात आहे. गावातले काही तरुण ती मागणी लावून धरतात आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. नवी जेटी, तिच्यावर रंगीत छप्पर, दिवे, बाके आणि प्रवेशद्वारावर नावांची पाटी, असे चित्र निवडणुकीच्या आसपास दाखवलेही गेले आहे. पण नवा धक्का मंजूर होण्याची वाट पाहत जुना वाऱ्यावर सोडायचा, या रीतीने किती कामे जमीनदोस्त झाली हे आपण तालुक्यातालुक्यात पाहतो. मंजुरी येईल तेव्हा येईल, आणि आली तरी तो धक्का त्याच काळ्या मातीवर, त्याच चढउतारात उभा राहणार आहे. त्याची भोके दरवर्षी मोकळी करणारा माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर नव्या अंदाजपत्रकातही नसते.

दुरुस्तीची जी आखणी आम्ही केली आहे ती दोन भागांची आहे. पाणी भरपूर असते त्या महिन्यांत पायऱ्या आणि ओटा उपयोगी पडतात. त्यासाठी भिंतीतली भोके छिन्नीने पुन्हा उघडायची, मागचा थोडा भराव काढून तिथे खडी-वाळूचा थर भरायचा, आणि खचलेल्या कोपऱ्याखाली मुरूम लागेपर्यंत खणून दगडी बांधकामाचा टेका द्यायचा. लाटांनी पायथा पोखरू नये म्हणून समोर जाळीत बांधलेले मोठे दगड रचायचे. उघड्या सळयांभोवतीचे पोकळ काँक्रीट ठोकून काढायचे, सळया तारेच्या ब्रशने लख्ख होईपर्यंत घासायच्या, ज्या अर्ध्याहून झिजल्या आहेत त्यांच्या शेजारी नवी सळई जोडायची, आणि मगच नवे काँक्रीट भरायचे. वरवर गिलावा मारून गंज आत झाकला तर तो आतच फुगत राहतो आणि दोन पावसाळ्यांत नवा थर उडवून लावतो. यात सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त चुकवले जाणारे काम म्हणजे पाणी मारणे. सध्या मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला आपल्याकडच्या वैशाखात १० ते १४ दिवस ओले ठेवावे लागते. ओली गोणपाटे पसरून दिवसातून अनेकदा पाणी शिंपडायला ठेकेदाराचा माणूस थांबत नाही. हे काम गावकऱ्यांइतके चांगले कोणीही करू शकत नाही, कारण पाणी पायाशी आहे आणि पाळी लावून घ्यायला घरे आहेत. नेमक्या याच कामावर बांधकामाचे आयुष्य ठरते.

दुसरा भाग तरंगत्या ओट्याचा. पाणी पायऱ्यांपासून दूर गेले की दगडी धक्का निरुपयोगी होतो आणि माणसे गुडघाभर गाळातून होडीपर्यंत जातात. त्यासाठी लोखंडी अँगलच्या चौकटीत प्लास्टिकची बंद पिंपे बांधून वर फळ्या ठोकलेला, पाण्यामागे सरकवता येणारा ओटा आम्हाला हवा आहे. याचे गणित सोपे आहे. दोनशे लिटरचे पिंप पूर्ण बुडाले तर सुमारे दोनशे किलो वजन पेलते, म्हणजे बारा पिंपे मिळून सुमारे २४०० किलो. त्यातून चौकट आणि फळ्यांचे वजन वजा करायचे, आणि जे उरेल त्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवायचा, कारण माणसे कधीही ओट्यावर सारखी पसरून उभी राहत नाहीत, होडी लागली की सगळी एकाच कडेला धावतात. या हिशोबाने त्या ओट्यावर एका वेळी दहा माणसे, ही मर्यादा ठळक अक्षरांत लिहून ठेवायला हवी. ओटा किनाऱ्याशी जोडणारी फळी बिजागरीची हवी, म्हणजे पाणी हातभर चढले-उतरले तरी ती तुटणार नाही. होड्या घासू नयेत म्हणून कडेने मोटारसायकलचे जुने टायर बांधले की झाले.

पिंपांबाबत मात्र एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. कीटकनाशकाची किंवा कारखान्यातल्या रसायनाची पिंपे भंगारात स्वस्त मिळतात, ती कितीही धुतली तरी वापरू नयेत. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात आणि काठावरची आम्ही माणसे तर थेट पितो. खाद्यतेलाची किंवा तशाच खाण्याच्या वस्तूंची पिंपे थोडी महाग पडली तरी तीच घ्यावीत. होड्यांना डांबर लावण्याचे आणि इंजिनात डिझेल भरण्याचे काम धक्क्यावर न करता वरच्या पडीक जागेत करावे, असेही ठरावात लिहिले आहे, आणि ते भोई आळीने आपणहून सुचवले आहे.

भोई आळीचा विषय निघाला आहे तर या कामात त्यांच्याकडून जे शिकायला मिळाले तेही सांगायला हवे. आराखडा काढताना तरंगता ओटा मी धक्क्याच्या पश्चिम अंगाला दाखवला होता, कारण तिथे उतार सौम्य आहे. कागद पाहून एका वयस्कर नावाड्याने काही न बोलता काडीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि वारा कुठून येतो ते दाखवले. मृगाच्या आधीपासून वारा पश्चिमेकडून वाहू लागतो, आणि भरलेला नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरलेला असतो. इतक्या मोकळ्या पाण्यावरून वारा आला की लाट समुद्रासारखीच उठते आणि पश्चिम अंगाला बांधलेली कोणतीही वस्तू ओट्यावर आपटून फुटते. पूर्वेच्या बाजूला जुन्या रस्त्याचा भराव आडवा आहे, त्याच्या आडोशाला पाणी शांत असते. उतार तिथे तीव्र आहे खरा, पण तो चार पायऱ्यांनी सुटणारा प्रश्न आहे. जागा बदलली. जलाशयाकाठच्या कोणत्याही बांधकामाच्या जागेवर अंतिम खूण करण्याआधी तिथे होडी वल्हवणाऱ्याची सही घ्यावी, असा नियमच असायला हवा.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शासकीय आहे आणि तो मला रास्त वाटतो. गोदाकाठी केनी लावून वाळू उपसणाऱ्यांचा उच्छाद सगळ्यांना ठाऊक आहे. धक्का दुरुस्त झाला, वाट रुंद झाली, की रात्री तिथून वाळूचे ट्रॅक्टर उतरणार नाहीत कशावरून, असे एका अधिकाऱ्याने मला तोंडावर विचारले. त्यावर आमचे उत्तर दगडी खांबांचे आहे. उतरणीच्या तोंडाशी काँक्रीटमध्ये रोवलेले तीन खांब असे उभे करायचे की हातगाडी जाईल, आजाऱ्याची बाज जाईल, मोटारसायकल ढकलत नेता येईल, पण ट्रॅक्टरचे चाक जाणार नाही. बाभळीची झाडी तोडली की धक्का गावातून दिसू लागेल, हाही एक पहारा आहे. आज जी आडवाट आहे तीच वाळूवाल्यांच्या सोयीची आहे.

दुसरी बाब अभयारण्याची. जायकवाडी १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले, त्यामुळे तिथे मनाला येईल तसे खोदकाम करता येत नाही आणि करूही नये. सुदैवाने दुरुस्तीचा काळ आणि पक्ष्यांचा काळ एकमेकांवर फारसे आदळत नाहीत. हिवाळी पाहुणे पक्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि आमचे काम पाणी उतरल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत आहे. मात्र नदीसुरयासारखे इथलेच पक्षी त्याच सुमारास उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर अंडी घालतात. म्हणून मुरूम आणि दगड जलाशयाच्या उघड्या पात्रातून उचलायचा नाही, तो गावाच्या जुन्या खाणीतून आणायचा, हे आम्ही आधीच ठरवले आहे. बेशरम काढावी, वेडी बाभूळ वाटेपुरती काढावी, बाकीच्या काठाला हात लावू नये. वनखात्याच्या माणसाने कामावर येऊन उभे राहावे, त्याला आमची हरकत तर नाहीच, उलट आग्रह आहे.

तिसरा आक्षेप गावातूनच येतो आणि तो सर्वांत जड आहे. सरकारचे काम आम्ही फुकटात का करायचे? धरणासाठी जमीन दिली, घर दिले, आता धक्काही आम्हीच बांधायचा का? या प्रश्नाला श्रमदानाचे गोडवे गाणारी भाषणे हे उत्तर होत नाही. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याचा एक दिवस म्हणजे त्याच्या घरची एका दिवसाची चूल असते. निवृत्तिवेतन घेणारा माझ्यासारखा माणूस दोन तास घमेले उचलून छायाचित्र काढून घेतो आणि खरी खोदाई मजूर करतो, अशी श्रमदाने मी पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून आमच्या ठरावात रोजंदारीवरच्या कोणाकडूनही फुकट काम घ्यायचे नाही, असे कलम आहे. खोदाई आणि भरावाची कामे रोजगार हमीत बसवावीत, ही मागणी आहे. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या मराठवाड्याला रोजगार हमीचे काम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गवंडी आणि वेल्डर यांची मजुरी वर्गणीतून द्यावी, सिमेंट-लोखंडाला ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून हातभार लावावा, आणि श्रमदान फक्त ज्यांना परवडते त्यांनी करावे, तेही पाणी मारणे, झाडी काढणे, पिंपे बांधणे, फळ्यांना तेल लावणे अशा कामांत.

जालन्याच्या घाणेवाडी तलावातला गाळ नागरिकांनी पुढाकार घेऊन काढला, तेव्हाही हेच प्रश्न विचारले गेले असतील. तलाव सरकारचा, मग गाळ आम्ही का काढायचा? पण तलावात पाणी साठले ते जालनेकरांच्या उपयोगी आले. लोकांनी काम केले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, इतके लेखी घेतले की पुरे.

आणि जबाबदारी संपत नाही, हे सुरक्षेच्या बाबतीत विशेषच खरे आहे. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. त्याआधी २०२३ च्या पावसाळ्यात गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथील मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायकवाडीच्या फुगवट्यातून शाळेला जात असल्याचे देशभर छापून आले आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. धक्का चांगला झाल्याने वादळ थांबत नाही, हे मलाही कळते. पण माणसे जिथून कुठूनही, कशावरही बसून पाण्यात जातात, तिथे नियम कोणाला लावणार? चढण्याउतरण्याची एकच ठरलेली जागा असली की तिथे जीवरक्षक जाकिटांची पेटी ठेवता येते, होडीवर किती माणसे हे रंगवून ठेवता येते, वळवाचे ढग दिसले की होडी सोडायची नाही असे बजावणारे कोणीतरी तिथे उभे करता येते. जाकिटे आणि होड्यांची तपासणी ही कामे मात्र शासनाचीच, ती वर्गणीतून करू नयेत आणि आम्ही करणारही नाही.

देखभालीविषयी थोडक्यात लिहितो. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पाणी उतरू लागल्यावर एकदा, असे वर्षातून दोन वेळा भिंतीची भोके मोकळी करणे, कड्या आणि दोर तपासणे, पिंपे गळतात का ते पाहणे, एवढेच काम आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक वही ठेवली जाईल आणि तिच्यात तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिली जाईल. तरंगता ओटा पाण्यामागे सरकवण्याचे काम भोई आळीने घेतले आहे. त्या बदल्यात पहाटेच्या वेळी धक्क्यावर पहिला हक्क मासळीच्या होड्यांचा राहील. पर्यटकांच्या होड्यांकडून काही शुल्क घ्यावे की नाही, यावर ग्रामसभेत बरीच वादावादी झाली आणि ती अजून मिटलेली नाही. माझे मत विचाराल तर घ्यावे, शेतकरी आणि विद्यार्थी यांच्याकडून एक पैसाही घेऊ नये.

परवानगीची कथा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यात नवे काहीच नाही. पाण्याखालची जमीन एका कार्यालयाची, काठ दुसऱ्याचा, वाट तिसऱ्याची, आणि धक्का नेमका कोणाच्या वहीत नोंदला आहे ते कोणीच छातीठोक सांगत नाही. नाही असे कोणी म्हणालेले नाही. प्रत्येकाने आम्हाला आदराने बसवले, चहा दिला आणि शेजारच्या कार्यालयाचा पत्ता दिला. माझी जिल्हा प्रशासनाला या पत्राद्वारे विनंती आहे की संबंधित सर्व कार्यालयांच्या प्रतिनिधींना एकाच दिवशी धक्क्यावर बोलवावे, जागेवरच पंचनामा करावा आणि दुरुस्तीची परवानगी, तिच्या अटींसह, एकाच कागदावर द्यावी. अटी कितीही कडक असल्या तरी चालतील. तांत्रिक तपासणीसाठी शासकीय अभियंता नेमावा, आणि त्याने पाया भरण्यापूर्वी व काँक्रीट ओतण्यापूर्वी अशी दोनदा पाहणी करावी. काम झाल्यावर कोनशिला बसवण्याची आमची इच्छा नाही, त्यामुळे उद्घाटनासाठी कोणाची तारीख मिळण्यात वेळ जाणार नाही.

वेळेचे महत्त्व आहे ते वेगळ्या कारणासाठी. नाथषष्ठीची यात्रा पांगली की जलाशयाची पातळी झपाट्याने उतरू लागते आणि खचलेल्या कोपऱ्याचा पायथा कोरडा पडतो. तिथून वळवाच्या पावसापर्यंत जे दोन-सव्वादोन महिने मिळतात, त्यातच खोदाई, बांधकाम आणि पाणी मारणे हे सगळे बसवायचे आहे. वरच्या धरणांतून पाणी आले आणि पायथा पुन्हा बुडाला की हे वर्ष गेले, आणि आणखी एका पावसाळ्यात तो कोपरा तग धरेल असे मला वाटत नाही. म्हणून परवानगीचा कागद गुढीपाडव्यापर्यंत हाती यावा. दरम्यान खाण्याच्या वस्तूंची रिकामी दोनशे लिटरची पिंपे किंवा सागाच्या जुन्या फळ्या कोणा वाचकाकडे पडून असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे, आमची माणसे येऊन घेऊन जातील. वर्गणीचा आणि खर्चाचा हिशोब दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल, तो कोणीही येऊन पाहावा.

पत्राला जागा दिल्याबद्दल आभारी आहे.

आपला विश्वासू,
नाथसागराकाठचा एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक
(जि. छत्रपती संभाजीनगर)